बालगंधर्वांच्या गायनजीवनाचा आरंभ

इटलींतील फ्लॉरेन्स नगरांत सन १६०० च्या सुमारास ‘ऑपेरा’ नांवाचें गेय नाट्य जन्मास आलें. त्यांत संभाषणही गाऊनच करावयाचें असतें. आपल्या महाराष्ट्रांत त्याच्या अगदीं निकट जाणारा प्रकार म्हणजे संगीत नाटक. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणिलें, तेव्हांपासून ह्या नाटकाची परंपरा दृढ झाली. येथें गद्य आहे, परंतु प्रेक्षक जातो तो पदांसाठीं! असो.

ह्या परंपरेंतील अग्रगण्य गायक नारायण श्रीपाद राजहंस. जन्म २६ जून १८८८, सांगलीकडील नागठाणें येथें. बालपणींच त्यांचें गाणें ऐकून लोकमान्य टिळकांनीं ‘बालगंधर्व’ म्हणून त्यांचा गौरव केला, असें परंपरा सांगते. मुलाच्या कानांत कांहीं दोष होता. गवयास कान हाच पहिला गुरु. तो अधू असल्यास कंठ कितीही गोड असून काय उपयोग? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं त्यांस उपचारार्थ मिरजेस मिशनच्या इस्पितळांत धाडिलें. डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं स्थापिलेलें तें इस्पितळ त्या काळीं दूरवर ख्याति पावलें होतें.

इकडे किर्लोस्कर मंडळी अडचणींत होती. स्त्रीभूमिका करणारे थोर गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले, आणि त्यांची जागा भरून निघेना. सन १९०५ मध्यें मिरजेस नारायणराव मंडळींत दाखल झाले व शकुंतलेच्या वेषांत प्रथम प्रेक्षकांपुढें आले. त्या वेळीं वय अवघें सतरा. पुरुषानें स्त्रीभूमिका करावी हें आज कोणास विचित्र वाटेल. परंतु एके काळीं रोमच्या रंगभूमीवरही स्त्रियांस मज्जावच होता, व तेथेंही पुरुषच त्या भूमिका गात असत.

नैसर्गिक माधुर्यावर सर्व कारकीर्द उभी राहत नाहीं. ह्या बाबतींत नारायणरावांचें भाग्य मोठें, कीं त्यांस भास्करबुवा बखले यांच्यासारखा गुरु लाभला. भास्करबुवा स्वतः बालपणीं किर्लोस्कर मंडळींतच होते. आवाज फुटल्यावर तो मार्ग सोडून त्यांनीं फैज महंमदखां, नत्थनखां व अल्लादियाखां ह्यांच्यापाशीं कठोर अभ्यास केला. कंठ हरपल्याचें दुःख काय असतें हें जाणणारा गुरु शिष्याचा कंठ कसा जपेल हें सांगावयास नको. ख्याल, ठुमरी ह्यांतील अंगें नाट्यपदांत मापानें कशीं उतरवावीं, हा विवेक ह्या तालमींतूनच आला, असें आमचें मत आहे. आपलें घाटनांदूर तेव्हां निजामी मुलखांत, पुण्या-मिरजेच्या रंगभूमीपासून दूर. तरी पुढें ध्वनिमुद्रिकांच्या योगें हा कंठ सर्व महाराष्ट्रांत घरोघरीं पोंचला.

आतां त्या दिवसाविषयीं. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग ठरला होता. पदांच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. त्याच दिवशीं नारायणरावांची पहिली कन्या निवर्तली. भामिनीची भूमिका त्यांची, आणि त्यांच्याविना पडदा उघडणें अशक्य. त्यांनीं रंग चढविला, पदें म्हटलीं, प्रयोग पार पाडला. ह्या प्रसंगाची स्तुति आजवर पुष्कळांनीं केली आहे. आम्हांस मात्र ती निःशंक मनानें करवत नाहीं. मृत बालकापाशीं त्या रात्रीं घरांतील माणसें बसलीं असतील; त्यांचा विचार स्तुति करणाऱ्यांनीं क्वचितच केला. परंतु शेंकडों प्रेक्षक आणि मंडळींतील इतक्या माणसांची भाकर एका कंठावर अवलंबून, हेंही खोटें नव्हे. पित्याचें कर्तव्य व नटाचें कर्तव्य ह्यांत त्यांनीं कोणतें मानिलें हें ठाऊक आहे. ते काय सोसून, ह्याचा न्याय आम्ही करूं इच्छीत नाहीं.

१९१३ सालीं चालकांशीं न पटल्यामुळें ते, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. तिच्या साथीला पुढें सारंगी-तबल्याबरोबर ऑर्गनही बसला. आपल्या ख्रिस्तमंदिरांतील भजनांस सूर देणारी पायपेटी ती हीच! १० डिसेंबर १९१६ रोजीं खाडिलकरांचें ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आलें. रुक्मिणी नारायणरावांची, आणि पदांच्या चाली भास्करबुवांच्या.