लागलं म्हणायला शिकवणारा खेळ

उजव्या दंडावर चार बोटं रुंद काळंनिळं वळ उठलंय. घरी विचारलं, गाडीवरून पडलात काय? खरं सांगितलं तर ऐकून घ्यावं लागलं. वयाच्या पंचेचाळिशीत, अर्धं आयुष्य बातम्या लिहिण्यात घालवलेला माणूस रविवारी सकाळी आठवीतल्या पोरीच्या हातचा मार खाऊन आला, आणि वर हसत आला.

झालं असं. शिवजयंतीच्या पुरवणीसाठी मर्दानी खेळावर चारशे शब्द हवे होते. आपल्या कबनूरपासून जवळच एका मोकळ्या प्लॉटवर एक वस्ताद पोरांना शिकवतात. दिवसभर मागाचा खडखडाट ऐकलेले कान घेऊन संध्याकाळी येतात, रविवारी पहाटे. फोटो काढले, दोन-चार प्रश्न विचारले. निघताना वस्ताद म्हणाले, "पत्रकार, लांबनं बघून काय लिवणार? घ्या की हातात." आणि फरी-गदका पुढं केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फरी म्हणजे छोटी ढाल. गदका म्हणजे चामड्यानं मढवलेली काठी, तलवारीच्या जागी. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, फरीवर वार झेलायचा आणि समोरच्याच्या अंगाला गदका लावायचा. ऐकायला सोपं आहे. पहिल्या दहा सेकंदांत मला तीन लागले. डोळे मिटत होते माझे. वस्ताद ओरडले, "डोळं उघडं ठेवा, मार डोळं मिटून चुकत न्हाई!"

पाचव्या-सहाव्या डावात काहीतरी झालं. हलगी वाजत होती, समोरची पोरगी डावीकडं सरकली, माझी फरी आपोआप खाली गेली आणि वार फरीवर बसला. ठप्प. त्या एका ठप्पचा आनंद कसा सांगू? कर्जाचा हप्ता, ग्रामपंचायतीची बातमी, फोनवरचे सतरा ग्रुप, सगळं डोक्यातून गेलं होतं. समोर फक्त एक काठी आणि दोन डोळे. लहानपणी विटीदांडू खेळताना असं व्हायचं, त्यानंतर आत्ताच.

पुढच्याच वाराला दंडावर बसला. ती थांबली, म्हणाली, "काका, लागलं?" मी मान हलवली, नाही म्हणून. पत्रकाराची खोड. वस्तादांनी हलगी थांबवली. "लागलं तर लागलं म्हणायचं. इथं पंच न्हाई. ज्याला लागलं त्यानंच सांगायचं. न्हाई सांगितलं तर खेळ संपला, मग ती मारामारी."

हे वाक्य डोक्यात घेऊन घरी आलो आणि इतिहास उघडून बसलो. चारशे शब्दांची बातमी बाजूला राहिली, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

या खेळाला आपण सरसकट 'शिवकालीन' म्हणतो. म्हणायला हरकत नाही, पट्टा, भाला, विटा, ढाल-तलवार ही हत्यारं त्या काळातली आहेतच. दांडपट्ट्याचंच बघा. कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा, आत आडवी मूठ, पुढं लांबलचक लवचिक पातं. मनगट वळतच नाही, त्यामुळं वार खांद्यातून, कमरेतून, अख्ख्या अंगातून काढावा लागतो. म्हणून पट्टेवाला गरगर फिरताना दिसतो. तो नाच नव्हे, ती त्या हत्याराची गरज आहे. आणि विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला, फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. चिलखत मात्र आपल्या आखाड्यातून गेलं. लोखंडी कड्या एकमेकींत गुंफलेला तो अंगरखा आता संग्रहालयाच्या काचेमागं. आपली पोरं झब्बा-सुरवार, कमरेला शेला, डोक्याला फेटा एवढ्यावर उतरतात.

पण सतराव्या शतकातून हा खेळ थेट आपल्या हातात पडला, असं मला वाटत नाही. मध्ये दीडदोनशे वर्षांचा एक खडकाळ रस्ता आहे, आणि तो आपल्या कोल्हापुरातूनच जातो.

1844 साली सामानगडावरून गडकऱ्यांचं बंड उठलं. किल्ल्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राखण करणारी ही माणसं, त्यांच्या हक्काच्या जमिनींना इंग्रजांच्या कलानं चाललेल्या कारभारात धक्का बसला आणि ती उठली. सामानगड, भुदरगड, पन्हाळा पेटला. बंड मोडल्यावर इंग्रजांनी किल्ल्यांची तटबंदी निकामी केली आणि वंशपरंपरेनं गड राखण्याची पद्धतच बंद केली. हे एक वाक्य पुस्तकात चटकन वाचून होतं. पण विचार करा, ज्याच्या घरात सात पिढ्या भाला भिंतीला टेकलेला, त्याला एका हुकुमानं सांगितलं, तुझं काम संपलं. पुढं 31 जुलै 1857 ला कोल्हापुरात 27 वी पलटण उठली, तीही चिरडली. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेलं, ते परत आले नाहीत. 1878 ला हत्यारांचा कायदा आला, हत्यार बाळगायला सरकारी परवाना लागू लागला.

मग हे कौशल्य गेलं कुठं? तालमीत गेलं. कुस्तीच्या हौद्याशेजारी, मारुतीच्या फोटोखाली, काठी आणि गदक्याच्या रूपात. गदका सरावासाठी आधीही असणारच, पण ज्या काळात तलवार धरायला परवाना लागायचा त्या काळात चामड्याची काठीच तलवार झाली, असा माझा अंदाज आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूरच्या तालमींना जोर आला. खासबाग मैदान 1912 चं. कुस्तीचा तो काळ सगळ्यांना पाठ असतो, त्याच तालमींच्या सावलीत पट्टा-काठीही जगली हे आपण विसरतो. लांबचं सांगायचं तर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकवेळी तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवले होते. मातीतली पोरं बर्लिनला!

गंमत म्हणजे हेच वेड तिकडं दुसऱ्या टोकानं उगवलं. 1 मे 1966 ला, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनालाच, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत काही तरुणांनी एका घराच्या मागच्या अंगणात मध्ययुगीन सरदारांची लढत भरवली. त्यातून मोठी संस्था उभी राहिली. आज तिथं हजारो माणसं, कुणी शिक्षक, कुणी संगणकवाले, शिरस्त्राण-चिलखत घालून वेताच्या तलवारींनी एकमेकांना बडवतात. आणि नियम काय? वार नीट बसला की नाही हे ज्याला लागलं त्यानं स्वतः सांगायचं. वाचलं आणि वस्तादच आठवले. सातासमुद्रापलीकडं ना हलगी ना फेटा, पण नियम तोच. त्यांच्याकडं एक गोष्ट आपल्यापेक्षा चांगली आहे. ते प्रत्यक्ष लढतात. म्हणून डोक्याला लोखंड, कोपराला-गुडघ्याला कवच सक्तीचं. आपल्याकडं लढत मागं पडली आणि प्रात्यक्षिक उरलं. मानेवर ठेवलेलं लिंबू पट्ट्यानं कापायचं, टाळ्या घ्यायच्या. कसब मोठं आहे, नाही म्हणत नाही. पण त्यात समोरचा माणूस पुतळा असतो. एक इंच चुकला तर? मोबाईलवरच्या रीलसाठी बारा-तेरा वर्षांच्या पोराला पुतळा करू नये, असं मी स्पष्ट लिहितो. कुणाला राग आला तर येऊ दे.

आता मूळ दुखणं. 2024 च्या शिवजयंतीला राज्य सरकारनं दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं. 2025 च्या जुलैमध्ये पन्हाळ्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आनंद आहे, मीही पेढे खाल्ले. पण ज्या प्लॉटवर ही पोरं शिकतात तिथं दिवा नाही. हलगीवाल्याला द्यायला वस्ताद स्वतःच्या पगारातून पैसे काढतात. मिरवणुकीत डॉल्बीला लाख मोजणारं मंडळ मर्दानी पथकाला नारळ आणि शाल देतं. शस्त्र राज्याचं झालं, शिकवणारा अजून कुणाचाच नाही.

आणि दुसरीकडं काय? चौकात वाढदिवस, तलवारीनं केक, व्हिडिओ, दुसऱ्या दिवशी हत्यार कायद्याखाली गुन्हा. अशा किती बातम्या मी स्वतः टाईप केल्यात. नऊ इंचांपेक्षा लांब पातं म्हटलं की कायद्याच्या परवाना-यादीत ते येऊ शकतं, हे त्या पोरांना गुन्हा दाखल झाल्यावर कळतं. त्यातल्या एकानं तरी कधी गदक्याचा एक वार अंगावर घेतलाय का? घेतला असता तर तलवार केकवर चालवायला लाज वाटली असती. शिकलेल्या पोराच्या हातात खरं हत्यार वस्ताद वर्ष-वर्ष देत नाहीत. आधी काठी, मग गदका, मग बोथट पट्टा. वस्तादांना मी केकच्या व्हिडिओबद्दल विचारलं. ते हसले. "त्यास्नी समोर कोणच नसतंय. आमच्याकडं समोर माणूस असतोय."

आमच्याकडं म्हणाले तेव्हा वाईट वाटलं. ही पोरंही त्याच गल्लीतली आहेत. त्याच शाळेतली.

यंदाच्या उरुसाला आणि दसऱ्याला मंडळांनी एक करावं: पथकाला बोलवताना मानधन ठरवून बोलवावं, आणि लिंबाऐवजी फरी-गदक्याच्या दोन खऱ्या लढती ठेवाव्यात. हेल्मेट लागतील, चार-सहा. क्रिकेटची चालतील, वस्तादांना विचारलंय. ग्रामपंचायतीच्या एका सदस्यानं दिव्याचा विषय मासिक सभेत घेतो म्हटलंय. घेतला की नाही ते इथंच लिहीन.

परवाच्या रविवारी परत गेलो होतो. तीच पोरगी समोर. तिसऱ्याच डावात कमरेवर बसला, चांगला कचकून. या वेळी तिनं विचारायच्या आधीच मी ओरडलो, "लागलं!" हलगी थांबली नाही.