किनाऱ्याची मर्यादा

रविवारच्या मिस्सेनंतर राजोडी, कळंब किंवा भुईगावच्या किनाऱ्याकडे पाहिले म्हणजे सुरूच्या बनाखाली मुंबईकरांची गर्दी दिसते. पाहुण्यांचे आम्हाला वावडे नाही; अतिथीला भाकरी वाढणारी आपली परंपरा आहे. तथापि या गर्दीतून आपल्या पुढील पिढीच्या हाती काय उरणार, हा प्रश्न मनात डोकावल्याखेरीज राहत नाही. त्याचे उत्तर शोधताना गोव्याच्या गेल्या साठ वर्षांच्या इतिहासाकडे वळणे आम्हाला उचित वाटते.

गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, तेव्हा कळंगुट हा मच्छीमारांचा व नारळीच्या बागांचा गाव होता. त्या दशकाच्या अखेरीस हिप्पी आले. ते गावकऱ्यांच्याच घरी राहिले आणि त्यांच्याच हातचे जेवले. पुढे 1974 मध्ये आग्वाद किल्ल्याच्या परिसरात पंचतारांकित हॉटेल उभे राहिले. 1983 मध्ये राष्ट्रकुल परिषदेसाठी आलेले राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी गोव्यात उतरले व गोव्याचे नाव जगभर गाजले. त्यानंतर परदेशी प्रवाशांना थेट घेऊन येणारी विमाने सुरू झाली.

योगायोग असा की, 1980 मध्ये भूगोलज्ञ रिचर्ड बटलर यांनी पर्यटनस्थळाच्या आयुष्याचे टप्पे मांडले होते: शोध, स्थानिकांचा सहभाग, विकास, दृढीकरण, साचलेपण आणि अखेरीस ऱ्हास किंवा पुनरुज्जीवन. विकासाच्या टप्प्यावर सूत्रे गावकऱ्यांच्या हातून निसटून बाहेरच्या भांडवलाकडे जातात, हे त्यांच्या मांडणीतील मर्म होय. कळंगुटच्या वाटचालीत हे मर्म स्पष्ट दिसते. ज्या घरात पाहुणा उतरत असे, त्या घराचा मुलगा पुढे हॉटेलात नोकर झाला.

गोवेकर मात्र स्वस्थ बसले नाहीत. 1970 च्या दशकात रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध लढा दिला होता. 1986 मध्ये गोवा फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली आणि किनाऱ्याचा प्रश्न न्यायालयात गेला. तत्पूर्वी 1981 मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले होते. त्यातूनच 19 फेब्रुवारी 1991 ची किनारा नियमन अधिसूचना जन्मास आली. पुढे तिच्यात वारंवार फेरफार झाले. 2019 च्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला.

हा पट्टा कशासाठी, हे आपले वाडवडील पुस्तके न वाचता जाणून होते. वाळूच्या टेकड्या उधाणाचा मार अंगावर घेतात आणि पावसाचे गोडे पाणी पोटात साठवतात. त्यांवर पसरणाऱ्या वेलीला आपल्याकडे मर्यादवेल म्हणतात. समुद्राने कोठे थांबावे, हे जणू तीच सांगते. टेकडी सपाट करून कूपनलिकेने बेसुमार उपसा केला की गोड्या पाण्याचा दाब घटतो व खारे पाणी आत शिरते. वसईकरांना हे नव्याने सांगावयास नको. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचा लढा उभा राहिला, तो याच माती-पाण्यासाठी. बुजविलेली बावखले आजही त्याची साक्ष देतात.

पर्यटनाला विरोध हा यावरचा उपाय नव्हे. क्राउच व रिची या अभ्यासकांनी 2003 च्या आपल्या ग्रंथात मार्मिक भेद केला आहे: निसर्गाने दिलेली संपत्ती निराळी आणि ती जपून वापरण्याचे कौशल्य निराळे. या कौशल्यावाचून इतर स्थळांशी केलेली स्पर्धा फार काळ टिकत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने हे कृतीने दाखविले. 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या साहाय्याने तेथे सागरी कासवांची अंडी राखली जाऊ लागली. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोक येऊ लागले, ते गावकऱ्यांच्याच घरी उतरले आणि त्यांच्याच पंगतीला बसले. बटलर यांचा दुसरा टप्पा तेथे गावाने आपल्या हाती राखला.

आपल्याजवळ 1739 च्या रणसंग्रामाचा साक्षीदार किल्ला आहे, जुनी चर्चे आहेत, वाड्या आहेत, कोळीवाडे आहेत. घरातील एक खोली पाहुण्याला देणे आणि वाडी विकून तेथे रिसॉर्ट उठविणे, या दोन वाटा वरवर सारख्या वाटतात. पहिलीत मालक मालकच राहतो. दुसरीत पैसा एकदाच येतो आणि विहीर कायमची जाते. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात सृष्टीला आपले सामाईक घर मानले आहे. घर भाड्याने देता येते. त्याचा पाया मात्र विकावयाचा नसतो. सातबाऱ्यावर सही करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या विहिरीचे पाणी एकवार चाखून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.