राहू बेट, केडगाव आणि जपान: परदेशातल्या लेकरांकडे जाण्याच्या प्रथेची घडण

पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या मधला पट्टा राहू बेट म्हणून ओळखला जातो. ऊस, गुऱ्हाळे आणि दुभती जनावरे यांवर उभे असलेले इथले जीवन माणसाला घराशी बांधून ठेवणारे आहे, कारण धारा दोन्ही वेळ काढाव्या लागतात आणि ऊस तुटून जाईपर्यंत घरच्या कर्त्या माणसाला गाव सोडणे कठीण असते. अशा कृषिजीवनात आईवडिलांनी मुलांकडे जाऊन राहण्याची प्रथा पूर्वी रुजणे शक्यच नव्हते. मुलगा नोकरीसाठी बाहेर पडला तरी तो सणाला, यात्रेला आणि सुगीला गावी येई. विवाहित मुलीकडे तर तिला मूल होईपर्यंत जेवायचेही नाही, असा दंडक अनेक घरांत पाळला जात असे. पहिले बाळंतपण मात्र माहेरचेच असे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की मुलगी आईकडे येई, आणि शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, पाचवीचे पूजन, बारसे हे सारे उरकून, बाळंतविडा म्हणजे बाळ-बाळंतिणीला द्यायचे कपडे व भेटवस्तू घेऊन ती सासरी परते. लेकराने यायचे आणि वडीलधाऱ्यांनी घर सांभाळायचे, ही या व्यवस्थेची दिशा होती.

ही दिशा उलटण्याचे एक फार जुने उदाहरण राहूच्या शेजारीच, केडगावला सापडते. तिथल्या मुक्ती मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाई 1888 च्या अखेरीस अमेरिकेहून मायदेशी निघाल्या, त्या पॅसिफिक महासागराच्या वाटेने जपानमध्ये थांबून 1889 च्या आरंभी मुंबईला पोहोचल्या; त्यांची लहानगी मुलगी मनोरमा आधीच भारतात परतली होती. पुढे 1898 मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, तेव्हा मनोरमा तिथे शिकत होती. या दुसऱ्या प्रवासाचे मुख्य कारण संस्थेचे काम हेच होते, तरीही एकोणिसाव्या शतकात एका मराठी आईने समुद्र ओलांडून शिकत्या लेकीला गाठावे, ही गोष्ट या परिसराच्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदली जायला हवी.

जपानशी महाराष्ट्राचा खरा जिव्हाळा जडला तो शिक्षणाच्या मार्गाने. जिंझो नारुसे यांनी 1901 मध्ये तोक्योत स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली, आणि तिच्या प्रेरणेतून 1916 मध्ये त्यांनी भारतीय महिला विद्यापीठ सुरू केले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी जपानमधील ते विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले आणि 1920 मध्ये कर्व्यांच्या संस्थेला 15 लाख रुपयांची देणगी दिली. स्वतः कर्वे 1929-30 च्या जगप्रवासात, सत्तरी ओलांडल्यावर, जपानला गेले. तिथून परतल्यावर त्यांनी आफ्रिकेचा दौरा केला, जिथे मोंबासा येथे त्यांचे चिरंजीव शंकर डॉक्टर होते. एकाच वृद्धाच्या या लागोपाठच्या दोन प्रवासांत जपान हा शिकण्याचा देश आहे आणि आफ्रिका हा लेकाचाही देश आहे. मराठी आईवडिलांसाठी जपान लेकरांचा देश होण्यास आणखी सत्तर वर्षे जावी लागली.

त्या बदलाचे कारण संगणक उद्योगात आहे. सन 2000 च्या आगेमागे संगणकांतील तारखांच्या अडचणीमुळे, म्हणजे वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदवण्याच्या पद्धतीमुळे, जपानी कंपन्यांनी भारतीय अभियंते मोठ्या प्रमाणात बोलावले, आणि तोक्योच्या एदोगावा प्रभागातील निशी-कासाई भागात भारतीयांची वस्ती वाढली. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच प्रभागाच्या परिषदेवर निवडून आले. या वस्तीत नवी बिऱ्हाडे थाटली गेली, मुले जन्मली, आणि माहेराला यायचे ते बाळंतपण माहेरच्या आईलाच तिकडे घेऊन जाऊ लागले. जपानमध्येही गरोदर स्त्रीने प्रसूतीसाठी आईकडे जाण्याची, ‘सातोगाएरी’ नावाची, प्रथा आहे. सुमारे महिन्याच्या बाळाला देवस्थानी नेण्याचा विधीही आहे. त्यामुळे डिंक आणि अळीव घेऊन आलेली आजी तिथल्या शेजाऱ्यांना परकी वाटू नये, इतके हे दोन समाज या बाबतीत जवळचे आहेत.

कायदा मात्र या जवळिकीला मर्यादा घालतो. नातेवाइकांच्या भेटीसाठी मिळणारा अल्पकालीन व्हिसा जास्तीत जास्त 90 दिवसांचा असतो, आणि त्यासाठी जपानमधल्या मुलाला किंवा मुलीला निमंत्रणपत्र, हमीपत्र, राहण्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला पाठवावा लागतो. एकेकाळी घरातला वडीलधारा मुलासाठी जामीन राही, इथे मूल आईवडिलांचे जामीन होते. ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ योजनेत 2017 च्या भारत-जपान करारानंतर जाणाऱ्या तरुणांना, तसेच 2021 च्या करारानंतर ‘विशिष्ट कौशल्य’ प्रवर्गाच्या पहिल्या टप्प्यात जाणाऱ्यांना, कुटुंब सोबत ठेवण्याची मुभाच नाही, म्हणून त्यांच्या आईवडिलांसाठी ही पाहुण्याची वाटच तेवढी उरते. शेतकरी घरातला मुलगा तांत्रिक कामगार म्हणून तिकडे जात असेल, तर ही अट त्या घराला सर्वाधिक जाचते, आणि ती न्याय्य म्हणता येत नाही.

अधिक काळ राहण्याची सोय ‘अतिकुशल व्यावसायिक’ या प्रवर्गापुरती आहे. या प्रवर्गातील व्यक्तीच्या घरात सात वर्षांखालील मूल असेल, किंवा गरोदर स्त्रीची देखभाल करायची असेल, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किमान 80 लाख येन असेल, तर आईवडिलांना सोबत ठेवता येते. मात्र नवऱ्याचे आईवडील किंवा बायकोचे आईवडील, यांपैकी एका वेळी एकाच बाजूला ती परवानगी मिळते. पहिले बाळंतपण माहेरचे हा जुना नियम तिथे पाळायचा की नातवंड सांभाळायला सासरची माणसे न्यायची, हे आता दोन्ही घरांना अर्ज भरण्याआधी आपसात ठरवावे लागते.