रामराव आदिक का पडले?

सत्तेतला पक्ष हरला की पेपरवाले कारणं छापतात. महागाई, बंडखोरी, पाऊस, नाराज पाटील. ती कारणं खोटी नसतात. पण त्या यादीत आपण कुठंच नसतो. आपण म्हणजे गठ्ठा. कडब्याची पेंढी बांधून माळ्यावर टाकायची आणि लागेल तेव्हा ओढून काढायची, तसा गठ्ठा. गठ्ठा नाराज होतो, असं कुणी लिहीत नाही.

म्हणून दोस्तांनो, मी एका जुन्या निवडणुकीबद्दल लिहितोय. जानेवारी १९७४. मध्य दक्षिण मुंबई लोकसभेची पोटनिवडणूक. तेव्हा तुम्ही जन्मला नव्हता, मीही नव्हतो. मी नागापूरला एमआयडीसीत गिरणीत काम करतो आणि पाळी सुटल्यावर वाचतो. इतिहास मी कुठल्या वर्गात बसून शिकलो नाही. पण नगर जिल्ह्यातल्या माणसानं ही पोटनिवडणूक माहीत करून घेतलीच पाहिजे. त्यात पडलेला सत्ताधारी पक्षाचा उमेदवार आपल्याच जिल्ह्याचा होता. श्रीरामपूरकडचे बॅरिस्टर रामराव आदिक. राज्याचे ॲडव्होकेट जनरल राहिलेला माणूस. मुंबईच्या गिरणगावात त्याला काँग्रेसनं उभा केला आणि तो पडला.

आता तेव्हाची काँग्रेस किती तगडी होती ते बघा. १९७२ च्या विधानसभेत २७० पैकी २२२ जागा. म्हणजे विरोधी पक्ष नावालाच. वसंतराव नाईक १९६३ पासून मुख्यमंत्री. साखर कारखाना त्यांचा, जिल्हा बँक त्यांची, झेडपी त्यांची, गावातला पाटीलही त्यांचाच. आपल्या नगर जिल्ह्यात तर प्रवरानगरला सहकारी कारखाना निघाल्यापासून ऊस आणि काँग्रेस हे एकाच मुळीवर वाढलेलं पीक. अशा पक्षाला दीड-दोन वर्षांत घाम का फुटावा?

पहिलं कारण पोटाचं. ७२ चा दुष्काळ. आमच्याकडं अजून म्हातारी माणसं वर्षं मोजताना ‘भात्तर’च्या आधी आणि नंतर अशी मोजतात. खडी फोडायची, नाल्याचे बांध घालायचे, सुकडी खायची, लाल मिलोची भाकर थापायची. त्या भाकरीला चव नव्हती आणि ती थापतानाच तुटायची, असं आज्जी सांगते. गावं रिकामी होऊन मुंबईकडं गेली. मुंबईत तरी काय होतं? रेशनच्या रांगा, तेल-साखरेचे भडकलेले भाव. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागं बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७४ उजाडता उजाडता गिरणी कामगारांचा संपही आला. ज्या मतदारसंघात धूर ओकणाऱ्या चिमण्या जास्त, तिथंच ही पोटनिवडणूक.

दुसरं कारण पक्षानं स्वतःच्या हातानं तयार केलं. गिरणगावात लाल बावटा मोडायचा म्हणून काँग्रेसवाल्यांनी शिवसेनेला जवळ केलं. लोक टिंगलीनं ‘वसंतसेना’ म्हणायचे, आणि वसंत म्हणजे कोण हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. ३० ऑक्टोबर १९६६ ला शिवाजी पार्कवर सेनेचा पहिला मेळावा झाला तेव्हा मंचावर कोण होतं? हेच रामराव आदिक. पुढं जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्या जागेच्या पोटनिवडणुकीत सेनेचे वामनराव महाडिक आले, सेनेचा पहिला आमदार. मग १९७४ ला सेनेनं आदिकांना पाठिंबा दिला यात नवल कसलं? काँग्रेसनं हिशोब मांडला: सेनेची मतं अधिक रिपब्लिकनांची मतं अधिक आपली मतं. बेरीज बरोबर होती. फक्त बेरजेतली माणसं एका चाळीत एकमेकांच्या समोर राहतात, हे बेरीज करणाऱ्याला ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक असून त्याला त्याचं काही वाटलं नाही.

तिसऱ्या कारणावर मी जरा थांबणार आहे, कारण ते आपलं आहे.

बाबासाहेबांनंतर दादासाहेब गायकवाडांनी १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाखांनी माणसं तुरुंगात गेली. बाया पोरं काखेत घेऊन गेल्या. आजवर आपल्या चळवळीनं एवढी ताकद दुसऱ्यांदा दाखवलेली नाही असं माझं मत आहे. आणि त्याच्यानंतर दोन-तीन वर्षांत काय झालं? १९६७ ला काँग्रेसशी युती. यशवंतराव चव्हाणांनी हात पुढं केला आणि आपल्या पुढाऱ्यांनी तो धरला. दादासाहेबांच्या मनात काय होतं यावर मी बोलणार नाही, तो माणूस मोठा होता. पण युतीचा परिणाम असा झाला की पक्षाचे गट पडले आणि प्रत्येक गटाच्या पुढाऱ्याला सत्तेच्या दारात एक स्टूल मिळालं. सत्ताधारी पक्षाला वाटलं, पुढारी खिशात म्हणजे वस्ती खिशात.

गावाकडं मात्र बाया-माणसांवरचे अत्याचार थांबले नव्हते. परभणीच्या ब्राह्मणगावात दोन बाईमाणसांना नागवं करून धिंड काढली, ते १९७२ सालचं. इलयापेरुमल समितीचा अहवाल १९६९ चा. देशभर अस्पृश्यांवर काय गुजरतं ते सरकारनेच नेमलेल्या समितीनं लिहून दिलं होतं, आणि सरकार गप्प. त्यावर रिपब्लिकन पुढाऱ्यांचा आवाज निघेना, म्हणून तर १९७२ ला नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही पोरं उठली. दलित पँथर. त्यांच्या हाती पैसा नव्हता, कार्यालय नव्हतं. होतं ते लिहिणं, बोलणं आणि चाळीतली पोरं. त्या वर्षी १५ ऑगस्टला ‘साधना’त ढाल्यांनी लिहिलं आणि पांढरपेशा महाराष्ट्राची झोप उडाली. झेंड्याच्या अपमानावरून जेवढा गदारोळ झाला त्याच्या निम्मा ब्राह्मणगावावरून झाला असता तर पँथरची गरजच पडली नसती.

या पँथरनं मध्य दक्षिण मुंबईत सांगितलं: बहिष्कार. कुणालाच मत नाही. जे आमच्या बायांची अब्रू राखत नाहीत त्यांना आमच्या दारात मत मागायला तोंड नाही.

५ जानेवारीला वरळीला सभा झाली. सभेवर दगड आले, पोलिसांची लाठी चालली, आणि बीडीडी चाळीत दंगल पेटली. ज्यांनी या चाळी बघितल्यात त्यांना कळेल. एक चाळ आपली, पलीकडची त्यांची, आणि काही चाळी पोलिसांच्याच. दगड मारणारा आणि पंचनामा करणारा एकाच नळावर पाणी भरायचा. १० जानेवारीला परळला पँथरचा मोर्चा निघाला. त्यावर वरून दगड आले आणि भागवत जाधव डोक्यात दगड पडून जागीच गेला. आपल्याकडं दर १० जानेवारीला त्याचं नाव घेतात. नुसतं नाव घेऊ नका. कुठल्या निवडणुकीच्या तोंडावर तो मेला, राज्यात सत्ता कुणाची होती, तेही त्या दिवशी पोरांना सांगा.

थोड्याच दिवसांत निकाल लागला. आदिक पडले. कॉम्रेड डांग्यांची मुलगी रोझा देशपांडे, भारतीय कम्युनिस्ट पक्षाची, निवडून आली.

माझा आजा तेव्हा मुंबईत बदली कामगार होता. डिलाइल रोडला गावच्या माणसांच्या खोलीत राहायचा. एका खोलीत वीस-बावीस गडी, पाळीनं झोपायचे. ब्याऐंशीच्या संपानंतर गावी आला तो परत गेला नाही. त्याला मी विचारलं होतं, तू मत दिलं का? तो म्हणाला, “नाय रं. गटाचा माणूस आला होता, पाच जणांच्या पाया पडला. आमी म्हणलं, तुमी चहा घ्या आन् जा.” चहा पाजून परत पाठवला. हे त्यानं सांगितलं तेव्हा हसत होता. त्यांच्या खोलीत पँथरचा सभासद कुणीच नव्हता, हेही त्यानंच सांगितलं. मला हे महत्त्वाचं वाटतं. बहिष्काराची हाक देणाऱ्यापेक्षा ती ऐकणारा कितीतरी जास्त असू शकतो, आणि सत्ताधाऱ्याला नेमका तोच दिसत नाही.

आता इथं आपल्यातली काही मंडळी छाती फुगवून म्हणतात, पँथरनं काँग्रेस पाडली. मी एवढं म्हणणार नाही. न टाकलेलं मत पेटीतून निघत नाही, त्यामुळं ते कुणाला मोजून दाखवता येत नाही. महागाईनं पाडलं, संपानं पाडलं, गिरणगावात लाल बावट्याची जुनी मुळं होती त्यांनीही पाडलं. पण सत्ताधाऱ्यानं जो गठ्ठा धरून ठेवला होता तो त्या दिवशी हाताला लागला नाही, एवढं खरं. आणि सेनेशी उघड सोयरीक केल्यावर आणि भागवत मेल्यावर तो लागणारच नव्हता. हे सांगायला ज्योतिषी नको होता. नाईकांच्या सरकारनं दंगलीच्या आधी पोलिसांना आवर घातला असता तरी निदान मोर्च्यातला पोरगा जगला असता. ते केलं नाही. नंतर न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला. घर जळाल्यावर विहिरीची खोली मोजायला माणूस पाठवतात तसा.

आणि या विजयाचं आपण काय केलं? तेही लिहिलं पाहिजे. बहिष्कारानं ज्यांचं फावलं त्या कम्युनिस्ट पक्षानं पुढच्याच वर्षी इंदिरा गांधींच्या आणीबाणीला पाठिंबा दिला. ढसाळांनीही दिला. पँथरमध्ये ढाले आणि ढसाळ यांची फूट १९७४ मध्येच पडली. मार्च १९७७ ला ढाले आणि पवारांनी पँथर बरखास्त केल्याचं जाहीर केलं. ताकद दिसली आणि वर्षाच्या आत सांडली. शत्रूनं सांडली असं म्हणायला मला आवडलं असतं.

काँग्रेस तरी शहाणी झाली का? १९७७ ला महाराष्ट्रात ४८ पैकी २० वर आली. मुंबईत एकही नाही. त्याच मध्य दक्षिण मुंबईतून त्या वेळी कोण निवडून गेलं माहीत आहे? बापू चंद्रसेन कांबळे. आपले बी. सी. कांबळे. आणि हेच कांबळे त्याच्या वीस वर्षं आधी, १९५७ ला, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनकडून लोकसभेला निवडून आले होते ते आपल्या जिल्ह्यातल्या कोपरगावातून. उसाच्या पट्ट्यातून. आज कोपरगावच्या एखाद्या पोराला हे सांगा, तो म्हणेल फेकतोय.

कोपरगावचा तो मतदारसंघ आता नाही. २००८ च्या फेररचनेत शिर्डी झाला आणि अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. २००९ ला तिथं सत्तेतल्या काँग्रेस आघाडीनं रामदास आठवल्यांना उभं केलं. राज्यात सरकार त्यांचं, कारखाने त्यांचे, उमेदवार रिपब्लिकन. आणि आठवले शिवसेनेच्या वाकचौरेंकडून सव्वा लाखाहून जास्त मतांनी पडले. आमची मतं त्यांच्या उमेदवाराला दरवेळी जातात. त्यांची मतं आमच्या उमेदवाराला जायची वेळ आली की त्यांच्या गाड्या बंद पडतात. १९९८ ला शरद पवारांनी मनावर घेतलं तेव्हा चारही रिपब्लिकन खुल्या जागांवरून निवडून आले होते आणि काँग्रेसच्याही ३३ आल्या होत्या. म्हणजे मतं देता येतात. द्यायची की नाही ते वरून ठरतं. शिर्डीनंतर आठवले चिडून २०११ ला शिवसेना-भाजपकडं गेले. त्या वाटेवर मी त्यांच्या बरोबर नाही, पण त्यांना त्या वाटेवर ढकललं कुणी हे काँग्रेसवाल्यांनी स्वतःला विचारावं.

मग सोनई. १ जानेवारी २०१३, नेवासा तालुका, तीन मेहतर पोरं मारून टाकली. मग खर्डा. एप्रिल २०१४, जामखेड तालुका, सतरा वर्षांचा पोरगा मारून झाडाला टांगला. कारण काय तर वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो. दोन्ही वेळेला सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं, गृहखातं राष्ट्रवादीकडं. २०१४ च्या लोकसभेला दोघांच्या मिळून सहा जागा आल्या. त्यांचे पुढारी म्हणाले, मोदी लाट. असेल. आमच्या वस्तीत मात्र लाटेच्या आधीच पाणी आटलं होतं. सोनईच्या खटल्यात २०१८ ला नाशिकच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ ला नगरच्या कोर्टात आरोपी सुटले. तोवर सरकार भाजपचं आलं होतं. गड्यांनो, माणूस सत्तेवरचा बदलला की साक्षीदार निर्भय होतो असं काही नसतं.

२०१९ ला वंचित बहुजन आघाडी वेगळी लढली. नांदेडला अशोक चव्हाण चाळीस हजारांनी पडले आणि वंचितच्या उमेदवाराला तिथं दीड लाखाच्या वर मतं होती. लगेच ओरड: मतं खाल्ली! खाल्ली म्हणजे? ती कुणाच्या ताटात होती? मत मतदाराचं असतं ही साधी गोष्ट १९७४ ला कळली नव्हती आणि २०१९ लाही कळली नाही. पण त्याच निवडणुकीत बाळासाहेब आंबेडकर अकोला आणि सोलापूर दोन्हीकडं पडले, हेही त्याच कागदावर लिहायचं. पाडता येतं, निवडून आणता येत नाही, अशा जागी आपण पन्नास वर्षं उभे आहोत.

नागापूरच्या आमच्या वस्तीत आम्ही सहा-सात जण रविवारी बसतो. मतदार यादी आणि बूथनिहाय निकाल समोर घेतो. आपल्या आळीचं बूथ कुठलं, किती मतं झाली, कुणाला गेली, हे मागच्या तीन निवडणुकांचं वहीत उतरवलंय. गटाचे पुढारी आकडा सांगतात तो आणि वहीतला आकडा यात बराच फरक निघाला. पुढच्या वेळेला कुणी वस्तीत आला की त्याच्यासमोर आधी ही वही ठेवायची असं ठरलंय. त्याला चहाही मिळेल.