कमवा : एका क्रियापदाची कुळकथा

शेतकऱ्याच्या तोंडी 'कमावणे' म्हणजे नुसते पैसे मिळवणे नव्हे. कातडं कमावतात, तालमीत शरीर कमावतात, आणि जमीनही कमावतात. धोंडे वेचून, बांध घालून, शेणखत ओतून पडीक माळ पिकाला आला की तो 'कमावलेला'. 'काम'च्या कुळातलाच हा शब्द. पगाराशी त्याची सोयरीक आहे, पण ती एकमेव नाही.

'कमवा आणि शिका' म्हणून तो शाळेत आणला कर्मवीर भाऊराव पाटलांनी. भाऊराव एके काळी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत हिंडले होते. लोखंडानं जमीन नासेल अशी धास्ती घेतलेल्या माणसाला नांगर विकायचा तर बोलून भागत नाही, तास मारून दाखवावा लागतो. करून दाखवण्याची खोड त्यांना तिथेच लागली असावी, असा आपला माझा तर्क.

1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळालं. नाव मोठं, कोठी रिकामी. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. दागिने कधीतरी संपतातच. मग मुलांच्या हाती कुदळ-खोरं आलं. हे शेतीशिक्षण कुठल्या अभ्यासक्रम समितीनं ठरवलेलं नव्हतं, ते रात्रीच्या भाकरीच्या विवंचनेतून निघालं. मुलं रान खणत, स्वयंपाकही आपला आपणच करत. 1940 साली साताऱ्यातच निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात फी नव्हती. तिच्या जागी श्रम होते. हे फार गोड करून सांगू नये. चौदा वर्षांच्या पोराला कुदळ जडच असते.

आणि एक गोष्ट खरी, की इथे कामातून शिक्षणाचा खर्च निघे. कामातूनच धडा काढायचा, हा विचार वेगळा. तो 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम म्हणून पुढे आला. सरकारी शाळांत पुढे त्याची बरीचशी नुसती टकळीवरची सूतकताईच झाली, ते सोडून देऊ.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला, तेव्हा हा धागा पुन्हा मातीत आला. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस हातानं काम करायचं. त्यात शेती आणि पशुपालनही आलं. अशा शिक्षणातला मला आवडलेला धडा गायीच्या वजनाचा. तिला काट्यावर कोण चढवणार? फितीनं छातीचा घेर मोजायचा, मग अंगाची लांबी. घेराचा वर्ग गुणिले लांबी. मापं इंचांत असतील तर भागिले 300, की अंदाजे वजन पौंडांत. वहीत हे दोन ओळींचं गणित. गोठ्यात मात्र गाय शेपटी झाडते, फीत घसरते आणि वर्गाचा वर्ग पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरू करतो.