पोत्याचं पाप, शेतकऱ्याच्या माथी

काल चहाच्या टपरीवर विषय निघाला, "परदेशात आपला माल परत पाठवतात, कारण आपले शेतकरी वाट्टेल तशी औषधं मारतात." मी तिथे गप्प बसलो. पण एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. गोष्ट कॉफीची आहे, पण आपल्या द्राक्षवाल्यांनी जरूर वाचावी.

मे २००६ मध्ये जपानने अन्नातल्या कीटकनाशकांच्या अंशांसाठी नवा कायदा लागू केला. ज्या रसायनाची मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ पीपीएम. म्हणजे किती? शंभर टन मालात एक ग्रॅम!

दोन वर्षांनी, २००८ मध्ये, इथिओपियाहून आलेल्या कॉफीत जपानी तपासनिसांना लिंडेन, हेप्टाक्लोर, क्लोर्डेन अशी रसायनं मर्यादेपेक्षा जास्त सापडली. लिंडेन म्हणजे आपल्या जुन्या लोकांच्या ओळखीचं गॅमेक्झिन, बीएचसीच्या घराण्यातलं. जपान हा इथिओपियाचा मोठा गिऱ्हाईक. तिथली खरेदी धाडकन खाली आली.

आता गंमत बघा. इथिओपियातली बहुतेक कॉफी लहान शेतकऱ्यांची. घरामागे, झाडांच्या सावलीत वाढवलेली. फवारणीला पैसाच नाही, तर औषध मारणार कोण? मग विष आलं कुठून? शोध घेता संशय गेला बारदानावर. ज्या तागाच्या पोत्यांत कॉफी भरली, ती पोतीच दूषित असल्याचं पुढे आलं. म्हणजे शेतात काही नाही, झाडावर काही नाही, पण बियांत विष!

प्रयोगशाळेची चूक म्हणाल, तर तीही नाही. हिरव्या बिया दळायच्या, द्रावकाने अंश ओढून काढायचा, कॉफीतलं तेल आणि कॅफीन मध्ये लुडबुड करतं म्हणून तो साफ करायचा, आणि मग यंत्रात घालायचा. यंत्र अचूक सांगतं की अमुक रसायन इतकं आहे. पण ते शेतातून आलं, गोदामातून आलं की पोत्यातून, हे यंत्र सांगत नाही. ते माणसांनी शोधायचं असतं. आणि तोवर भाव पडलेला असतो.

हे वाचताना मला २०१० चा एप्रिल आठवतो. माझ्या मामाची निफाड तालुक्यात बाग. द्राक्षं युरोपला गेली आणि तिथल्या तपासणीत क्लोरमेक्वाट, म्हणजे आपलं सीसीसी, निघालं. वेलीची वाढ आवरायला छाटणीनंतर सगळेच वापरायचे. युरोपची मर्यादा ०.०५ पीपीएम, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हतं! मामाकडे 'माल पास' असा कागद होता, तरी कंटेनर बंदरात अडकले. निर्यातदाराने हात वर केले. मामी एवढंच म्हणाली, "कागद तर खरा होता ना?"

कागद खराच होता, पण अपुरा. पुढच्या हंगामात यादी सुधारली. त्या वर्षीचं कर्ज मात्र मामाने पाच वर्षं फेडलं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. तपासणी कडकच हवी, त्यात सवलत मागणं चूक. पण अंश सापडला की वाट उलटी चालत जाऊन उगम शोधायची जबाबदारी सरकारची आणि व्यापाऱ्याची. पोतं, गोदाम, ट्रक, सगळं तपासा. शेतकरी साखळीत सगळ्यात खाली आहे म्हणून दगड त्यालाच, हे चालणार नाही.

आणि जाता जाता. युरोपला निर्यात होणाऱ्या द्राक्षाच्या प्रत्येक बागेचा नमुना तपासला जातो. तुमच्या-माझ्या पोरांच्या डब्यात जाणाऱ्या घडाचा शेवटचा नमुना कोणी, कधी घेतला? बाजार समितीत जाऊन विचारा. काय उत्तर मिळतं ते इथे लिहा.