भिक्षू बुद्धभद्र आणि अजिंठ्याचे सव्विसावे लेणे

अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटक नृपती हरिषेणाचा सचिव वराहदेव याने कोरविले, सतरावे एका मांडलिक राजाने. सव्विसावे मात्र बुद्धभद्र या भिक्षूचे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात त्याचा संस्कृत लेख आहे.

चीवर आणि भिक्षापात्र एवढ्यावर राहणाऱ्याने डोंगर कोरविण्याचा खर्च कसा पेलला? लेखात हिशेब नाही, पण धागे आहेत. बुद्धभद्र कुलीन आणि विद्वान होता. अश्मक राजाचा अमात्य भव्विराज हा त्याचा अनेक जन्मांचा मित्र, असे लेख म्हणतो. लेणे अर्पण केले आहे ते या भव्विराजाला आणि आईवडिलांना. भव्विराजाचा मुलगा देवराज याचेही गुणगान आहे. वाकाटकांचा मात्र उल्लेख नाही. अश्मकांनी कपटाने विदर्भाचा घात केल्याची कथा दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त येते आणि तिच्यात वाकाटकांच्या अस्ताची आठवण असावी, असे नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी मांडले. अश्मकांचे नाव उमरेडकरांनाही परके नाही: शेजारच्या कुही तालुक्यात अडमच्या उत्खननात ‘असकजनपदस’ अशी मुद्रा मिळाली. ती या लेण्याहून कित्येक शतके जुनी आहे.

सव्विसाव्या लेण्याच्या कोरीव कामावर धर्मदत्त आणि बुद्धभद्राचा शिष्य भद्रबंधू यांची देखरेख होती. आत स्तूपावर पाय खाली सोडून बसलेला बुद्ध आहे. डाव्या भिंतीवर सुमारे सात मीटर लांबीचे महापरिनिर्वाण आणि त्याच भिंतीवर मारविजयाचा पट. शिल्पाचा एवढा सोस अजिंठ्यात इतरत्र क्वचितच दिसतो. शेजारचे पंचविसावे आणि सत्ताविसावे विहार मात्र अपुरेच राहिले.

दगडच का निवडला, याचे कारण बुद्धभद्र स्वतः देतो: जगात कीर्ती टिकते तोवर माणूस स्वर्गसुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असे स्मारक डोंगरात करावे. त्याच लेखात तो आपल्याआधी शैलगृह कोरविणाऱ्या स्थविर अचलाचेही नाव घेतो. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने महाराष्ट्राच्या पूर्वेकडील डोंगरातल्या एका संघारामाचे वर्णन लिहिले. ते अजिंठ्याचेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात निर्माता म्हणून नाव येते ते अर्हत अचलाचे.